नाही न म्हणणारं कार्ड

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर मनातल्या मनात फार चिडला होता. चिडण्याचं कारण नखाएवढं होतं, अगदी शब्दशः नखाएवढं. एक मेमरी कार्ड.

गुरू म्हणजे कुणी जटाधारी नव्हेत. तालुक्याच्या गावातले एक वृद्ध कारागीर. रेडिओच्या काळापासून बिघडलेली यंत्रं दुरुस्त करत आलेले, आणि आता मोबाइल, कॅमेरे, पोरांचे गेमसुद्धा उघडून बसणारे. सारं गाव त्यांना वस्ताद म्हणे. शिष्य चाळिशीला टेकलेला, अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली घालवलेला. हात कसबी, स्वभाव लोण्याचा. नाही म्हणायला त्याची जीभच उचलत नसे. गिऱ्हाईक असो, शेजारी असो की खुद्द वस्ताद, याचं उत्तर तयार: ‘हो, करतो ना.’ अशा माणसाला जग फार चांगलं म्हणतं, आणि सोयीनं वापरतं.

त्याला नऊ वर्षांची मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी नवराबायको वेगळे झाले, आणि मुलगी आईबरोबर दुसऱ्या गावी गेली. सुट्टीत दोन दिवस ती बापाकडे येई. उद्या ती यायची होती. तिच्यासाठी त्यानं नवे गेम घेऊन ठेवले होते. पण हातात धरून खेळायच्या त्या छोट्या कन्सोलनं त्याला अडवलं. जागा शिल्लक नाही, काहीतरी डिलीट करा.

डिलीट काय करणार? त्या कार्डावर बापलेकीनं मिळून खेळलेल्या गाड्यांच्या शर्यती होत्या, बोलण्याच्या आवाजासकट साठवलेल्या. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. वळण आलं की गाडीबरोबर तीही त्याच्या मांडीवर कलंडायची आणि ओरडायची, ‘बाबा, ब्रेक नको! ब्रेक नको!’ मोडलेल्या संसारातून त्याच्या वाट्याला एवढंच आलं होतं. त्यातलं काही घालवायचं नव्हतं, आणि नव्यातलंही काही सोडायचं नव्हतं. म्हणून त्याला मोठं कार्ड हवं होतं.

त्याच सकाळी एक व्यापारी कार्डांचा खोका घेऊन दुकानात आला. “पाचशे बारा जीबी!” तो म्हणाला. “भाव मात्र छोट्या कार्डाचा. घाला किती घालायचं ते. हे कार्ड कधी नाही म्हणत नाही.”

वस्तादांनी खोका ठेवून घेतला, त्यातलं एक कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि एक विचित्र उद्योग आरंभला. दुकानातल्या पंख्याची तासतासभर चित्रणं त्यांनी कधीकाळी करून ठेवली होती. प्रत्येकाच्या आरंभी त्यांचाच आवाज: ‘एक.’ ‘दोन.’ ‘तीन.’ पुढे नुसता पंखा. ती सारी चित्रणं ते एकामागून एक कार्डात भरू लागले.

“वस्ताद, हे काय चाललंय?”

“काठोकाठ भरतोय. भरलं की पहिला पंखा परत मागायचा.”

“किती वेळ लागेल?”

“उद्या दुपार होईल. तोवर तू थांब. आणि काही झालं तरी जुनं कार्ड पुसू नकोस.”

“हो,” शिष्य म्हणाला. मनात मात्र म्हणाला, म्हातारा पंख्याचे पाढे म्हणत बसलाय, आणि माझी पोर उद्या सकाळी येतेय.

संध्याकाळी वस्ताद घरी गेल्यावर त्यानं खोक्यातलं दुसरं कार्ड घेतलं. आधी जुन्या शर्यती त्यावर उतरवल्या. एक लावून पाहिली. ‘ब्रेक नको!’ मुलगी ओरडली. त्याचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात लग्नाचे फोटो काढणारं एक गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहिलं. त्याला ‘संध्याकाळी कार्ड देतो’ असा शब्द यानं दिला होता, आणि कार्ड मागवायचं साफ राहून गेलं होतं. खोक्यातलं कार्ड वस्तादांनी तपासल्याशिवाय विकता येत नव्हतं. आता तोंड कसं दाखवायचं? यानं आपलं जुनं कार्ड पुसलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. मग निश्चिंतपणे बसून त्यानं नव्या कार्डात सगळे नवे गेम भरले. कार्ड एकदाही नाही म्हणालं नाही.

सकाळी मामानं मुलीला आणून सोडलं. चहा-पोहे व्हायच्या आतच बापानं कन्सोल काढला. “थांब, तुला एक गंमत दाखवतो.”

यादीत सगळ्या शर्यती होत्या. त्यानं पहिली लावली. काळा पडदा. दुसरी लावली. काळा पडदा. एकेक करत त्यानं सगळ्या लावल्या.

“नावं आहेत की,” तो पुटपुटला. “ही बघ, सगळ्यांची नावं आहेत.”

मुलगी त्याच्याकडे बघत होती, कन्सोलकडे नव्हे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“असू दे बाबा,” ती म्हणाली. “तू जपून ठेवीन म्हणाला होतास ना, तेव्हाच मला माहीत होतं.”

दोन दिवस ती नवे गेम खेळली, शहाण्यासारखी जेवली आणि गेली. निघताना मामा सहज बोलून गेला की रविवारी तिच्या शाळेत तिचा नाच आहे. ती स्वतः काहीच बोलली नव्हती.

शिष्य दुकानात आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. वस्तादांनी काही न विचारता ‘पहिला पंखा’ लावला. काळा पडदा.

“आतून बत्तीसचंच आहे,” ते म्हणाले. “आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण लबाडी बघ. खरं कार्ड भरलं की थांबवतं, म्हणतं, जागा नाही. हे थांबवत नाही. नवं आलं की मुकाट्यानं जुन्यावर लिहितं, आणि यादीत जुन्याचं नाव तसंच ठेवतं.”

शिष्यानं घडलेलं सांगितलं, अडखळत, मुलीच्या त्या वाक्यापर्यंत. वस्तादांनी ते कार्ड कॉम्प्युटरमधून काढून बाजूला ठेवलं.

“तुझ्याही यादीत बायकोचं नाव होतं,” मग ते म्हणाले. “पोरीचं होतं. त्यांना हो म्हणालास, मग मला हो म्हणालास. मी रविवारी बोलावलं की त्यांच्या रविवारावर तू माझं काम लिहीत गेलास. तुझ्या नकारानं कुणी दुखावलं नाही रे. तुझं घर तुझ्या होकारांनी खाल्लं.”

शिष्याचा आवाज चढला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. “तुम्हाला दिसत होतं, तर सांगितलं का नाही?”

“सांगून काय झालं असतं? तू ‘हो’ म्हणाला असतास.”

शिष्य आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

“आणि खरं सांगू?” वस्ताद खाली बघत म्हणाले. “या दुकानात आलेलं प्रत्येक कार्ड मी तपासलं. तुला नाही तपासलं. तुझा होकार मला सोयीचा होता.”

बाहेर कुणीतरी मिक्सर घेऊन आलं. वस्तादांनी तो ठेवून घेतला, वहीत नाव लिहिलं, आणि जुन्या सवयीनं, मान वर न करता म्हणाले, “रविवारी साखर कारखान्याचं काम घेतलंय. सकाळी लवकर ये.”

‘हो’ शिष्याच्या ओठांवर आलंच होतं. अकरा वर्षांची वाट ती, जीभ आपोआप वळत होती. वस्तादांच्या हाताला आताशा कंप सुटला होता, बारीक डाग द्यायचं, सोल्डरिंगचं काम त्यांना एकट्याला झेपत नसे. हे दोघांनाही ठाऊक होतं.

“रविवारी मी येणार नाही, वस्ताद.”

वस्तादांनी मान वर केली. त्यांचा चेहरा क्षणभर अगदी म्हातारा दिसला.

“बरं,” ते म्हणाले.

शिष्याला ते ‘बरं’ लागलं. पण त्यानं उत्तर बदललं नाही.

ज्याच्यापाशी सगळ्यांसाठी जागा असते, त्याच्यापाशी आपण पहिल्यांदा ठेवलेली वस्तू एकदा परत मागून पाहावी; आणि आपल्यापाशी कुणी काय ठेवलं होतं, तेही मग आठवून पाहावं.