तुला घडवलं कुणी?

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की ती ज्या राज्यात घडली त्याच्या सीमा कुठे होत्या यावरून आता कोणी भांडतसुद्धा नाही.

त्या राज्यात नदीकाठच्या गावी तंबोरे घडवणारा एक कारागीर राहत होता. तो वर्षाला मोजकेच तंबोरे करी. भोपळे स्वतः पिकवी, स्वतः वाळवी. दांडीचे लाकूड जंगलात जाऊन, खोडावर बोटाने वाजवून, स्वतः निवडी. त्याच्या तंबोऱ्याची तार छेडली की घरातली भांडणे थांबतात, असे लोक म्हणत. निदान तार थांबेपर्यंत तरी थांबत असावीत.

गावात एक रीत होती. तंबोरा गिऱ्हाइकाच्या हाती देण्यापूर्वी तो पाटावर उभा करायचा. गिऱ्हाइकाने समोर बसून त्याला विचारायचे, "तुला घडवलं कुणी?" तंबोऱ्याला कुठे बोलता येते? म्हणून कारागिराने भोपळ्यावर हात ठेवून त्याच्या वतीने सांगायचे, "मी." हा एक शब्द ऐकल्याशिवाय कोणी तंबोरा घरी नेत नसे.

कारागीर तो शब्द मोठ्या तोऱ्यात उच्चारी. त्यात खोट नव्हती, तोपर्यंत तोराही शोभून दिसे.

मग त्याचे नाव राजधानीपर्यंत गेले. दिवाणखान्यात त्याचा तंबोरा असणे हे मोठेपणाचे लक्षण झाले. गाणे येणे ही त्यासाठीची अट कधीच नव्हती. दारात पालख्या थांबू लागल्या आणि कारागिराचे दोन हात अपुरे पडू लागले.

नदीपलीकडे एक म्हातारी भोपळे पिकवीत असे. भोपळा आतून खरवडून ती असा एकसारखा करी, की बाहेरून टिचकी मारली तर भोपळा बराच वेळ विचार करीत राही. कारागीर तिच्याकडून भोपळे आणू लागला.

"बाबा, पुढं काय करतोस रे यांचं?" म्हातारीने एकदा विचारले.

"पाणी भरून ठेवतो, आजी."

म्हातारीने हातातल्या भोपळ्याला कान लावला आणि ती हसली. "पाण्यासाठी इतका पातळ भोपळा? तुमच्या गावातल्या लोकांना पाणी पिताना सूर लागत असेल मग."

कारागिराने ते ऐकले न ऐकल्यासारखे केले.

जंगलाच्या कडेला एक सुतार राहत होता. तो जन्माचा मुका. त्याने तासलेल्या दांडीवरून बोट फिरवले तर कुठे सुरू झाली आणि कुठे संपली हे बोटाला कळत नसे. कारागीर त्याच्याकडून दांड्या आणू लागला. दांडी देताना सुतार तिच्यावर तळहात ठेवून कारागिराकडे पाही, जणू काही विचारतो आहे. कारागीर अशा वेळी झाडे पाहत उभा राही.

कारागिराने सगळेच करायचे सोडले होते, असे मात्र नव्हे. भोपळा नि दांडी तोच जोडी. तारा तोच चढवी. आणि घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली रेशमाचा धागा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवून स्वर उमलवणे, ते कसब साऱ्या राज्यात फक्त त्याच्याकडे होते.

"मग सांगून टाका ना," त्याची बायको म्हणाली.

"काय सांगू?"

"भोपळा पलीकडच्या आजींचा, दांडी सुताराची, सूर माझा. एवढंच तर आहे. जीभ झिजायची नाही तुमची."

"अगं, लोक माझ्या हातासाठी येतात. आत दुसऱ्यांचे हात निघाले, तर मी कोण उरलो? आणि मला कोणी विचारलंय का?"

"दर वेळी विचारतात, अहो! पाटासमोर मांडी घालून विचारतात."

"ती रीत आहे," कारागीर म्हणाला. "रीतीला कोणी खरं उत्तर देतं का?"

बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिथल्या भांड्यांनी तिचे मत कळवले.

त्यानंतरचा पहिला तंबोरा एका सावकाराने घेतला. भर दुपारची वेळ होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. सावकाराने विचारले, "तुला घडवलं कुणी?" कारागिराने भोपळ्यावर हात ठेवला.

"मी."

आणि मागोमाग, अगदी बारीक, भोपळ्याच्या पोटातून आले, "...मी."

कारागिराने हात मागे घेतला. पण सावकार खूश झाला. "वा! काय घुमतो हो तुमचा शब्द! असा घुमार दुसऱ्या कोणाकडे नाही मिळायचा."

घुमार, असे कारागिरानेही स्वतःला समजावले. मात्र भिंतीवरून आपला आवाज परत येतो तेव्हा तो आपलाच असतो. हा आवाज दात पडलेल्या तोंडातून आल्यासारखा होता.

दुसऱ्या तंबोऱ्याच्या वेळी तो शब्द जरा मोठ्याने आला. त्याच्या मागून आणखी एक आला, पुरुषाचा, खोल आणि ओबडधोबड. बोलायची सवय नसलेल्या माणसाने पहिल्यांदाच तोंड उघडावे तसा. पहिला आवाज कुणाचा हे कारागिराने मनातल्या मनात ओळखले होते. हा दुसरा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता. आठवून आठवून तो थकला. मग एका सकाळी, दांडी आणायला गेला असताना, मुक्या सुताराने नेहमीसारखा तिच्यावर तळहात ठेवला, आणि कारागिराच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो आवाज आपणच काय, जगात कोणीच कधी ऐकलेला नाही, हे त्याला उमगले.

त्या दिवशी त्याने ठरवले, की आता सांगून टाकायचे.

पण घरी येतो तो दारात राजाचा दूत उभा. दरबारासाठी तंबोरा हवा होता. पसंत पडला तर भर दरबारात शाल मिळणार होती आणि 'राजकारागीर' ही पदवी. त्यामुळे सांगणे पुढे ढकलले गेले. चांगले निश्चय पुढे ढकलण्यासाठी चांगली संधीच लागते. वाईट संधी आली की माणूस ते लगेच पाळतो.

दरबार भरला. तंबोरा चंदनाच्या पाटावर उभा केला. वाद्यशाळेचा वृद्ध अधिकारी पुढे झाला. त्याला सूर कळत नसे, पण रीत पाठ होती.

"तुला घडवलं कुणी?"

कारागिराने भोपळ्यावर हात ठेवला, श्वास घेतला, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच म्हातारीचा आवाज साऱ्या दरबारात घुमला, "मी!"

मग तो दुसरा, खोल आवाज. "मी!"

वर टांगलेल्या झुंबरांचे लोलक किणकिणले. मग सगळे शांत झाले. भोपळ्याच्या आत कोणीतरी थांबले आहे, आता तुझी पाळी म्हणून वाट पाहते आहे, असे कारागिराला तळहाताखाली जाणवले. त्याने ओठ उघडले. शब्द आला नाही. घसा साफ केला, पुन्हा उघडले. जिथे तो शब्द असायचा तिथे पोकळी होती, खरवडून साफ केलेल्या भोपळ्यासारखी.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तंबोरा स्वतः बोलतो!" प्रधान म्हणाले.

"आणि कारागीर पाहा," राजा सद्गदित होऊन म्हणाला. "एवढा मोठा गुणी, पण तोंडातून 'मी' निघत नाही! शिका काहीतरी, प्रधानजी."

कारागिराच्या खांद्यावर शाल पडली. पदवी मिळाली. हवे होते ते सगळे मिळाले. परतीच्या वाटेवर त्याने तो शब्द पुटपुटून पाहिला, ओरडून पाहिला. बाकीचे सगळे शब्द येत होते. तेही स्वर उतरलेल्या तारेसारखे, बद्द. तेवढा एक येत नव्हता.

तो गावी पोहोचला तेव्हा ऊन माथ्यावर आले होते. दुपारी माकडे घरात शिरत, म्हणून बायको कडी लावून बसे. त्याने दार वाजवले.

"कोण?" आतून बायकोने विचारले.

आता, या प्रश्नाला घरच्या माणसाचे उत्तर सगळ्या जगात एकच असते. नाव सांगतो तो पाहुणा. कारागिराने तोंड उघडले आणि तो तसाच उभा राहिला.

आणि आतून, कामाच्या खोलीतून, खोल आवाजात कोणीतरी म्हणाले, "मी."

"आलात होय? मागच्या दारानं आलात वाटतं," बायको म्हणाली. "हात धुऊन घ्या. पान वाढलंय."

आत भांड्याचा आवाज झाला. पाट सरकला. कारागिराने दाराच्या फटीला डोळा लावला. बायको पाठमोरी बसून पंख्याने वारा घालत होती. तिच्यासमोर पान होते, वाफाळता भात होता. आणि पाटावर, भिंतीला टेकून, त्याचा अर्धवट जोडलेला तंबोरा बसला होता.

"आज एवढे गप्प का?" बायको त्या तंबोऱ्याला म्हणत होती. "शाल मिळाली की माणसानं बायकोशी बोलायचं नाही, असं आहे का?"

"अगं, दार उघड!" कारागीर ओरडला.

पंखा थांबला. "कोण आहे बाहेर? आवाज ओळखीचा वाटत नाही."

"अगं, घरधनी आहे! तुझा नवरा!"

"हे तर इथे पानावर बसलेत," बायको घाबऱ्या आवाजात म्हणाली. "तुम्ही कोण ते सांगा, नाहीतर मी शेजाऱ्यांना हाक मारीन."

कारागीर उंबऱ्यावर मटकन बसला. शाल खाली घसरली. राजवाड्यात मान मिळाला होता, आणि स्वतःच्या दारात त्याला कोणी ओळखत नव्हते. आतला तो पानावर बसलेला उठला नाही, तर उद्या या घरात आपली जागा कुठली? मग त्याला बायकोचेच शब्द आठवले. त्याने दारावर तळहात टेकवला, जसा भोपळ्यावर टेकवीत असे.

"ऐक," तो म्हणाला. "भोपळा नदीपलीकडच्या आजीनं पिकवलाय. आतून तिनंच कोरलाय. पाणी भरायला नेतो, असं खोटं सांगितलंय तिला."

आत काहीतरी हलले.

"दांडी जंगलाच्या कडेच्या सुताराची. तो विचारायचा, आणि झाडं बघत उभा राहणारा..." इथे त्याचा आवाज चिरकला. "दोघांचं नाव कधी घेतलं नाही. सावकारासमोर नाही, राजासमोर नाही. पण तारा चढवल्या, धागा सरकवला, सूर लावला, तेवढं केलं ते..."

त्याने डोळे मिटले.

"...मी."

शब्द अगदी लहान आला. पूर्वीचा तोरा त्यात नावाला नव्हता. पण आला.

कडी निघाली. बायको दारात उभी. तिने नवऱ्याकडे पाहिले, मग वळून पाटाकडे. "मग इतका वेळ मी..." ती पुटपुटली. पाटावर नुसता तंबोरा होता. पानातला भात मात्र निम्मा संपलेला होता. मुलांनो, उंदरांनी खाल्ला असेल. मोठ्यांनीही तसेच समजावे, झोप बरी लागते.

दुसऱ्या दिवशी कारागीर म्हातारीला आणि सुताराला घेऊन राजवाड्यात गेला आणि त्याने सगळे सांगितले. राजाला राग आला, पण कारागिराच्या नम्रतेची स्तुती आपणच केली होती हे आठवून तो आवरला. शाल परत घेण्याची तजवीज दफ्तरात नव्हती. कारागिराने ती म्हातारीला दिली. पुढे ती त्या शालीत भोपळे गुंडाळून ठेवू लागली.

तंबोऱ्याला पुन्हा विचारले गेले, "तुला घडवलं कुणी?" म्हातारीने हात ठेवला आणि ती ठसक्यात म्हणाली, "मी. पाण्यासाठी नव्हता, हे मला आधीपासूनच ठाऊक होतं." मग कारागिराने आपले सांगितले. शेवटी मुक्या सुताराने दांडीवर तळहात ठेवला, तेव्हा आतून त्याचा खोल शब्द आला. या वेळी कोणी दचकले नाही. सुतार मात्र रडला. स्वतःचा आवाज तो पहिल्यांदाच ऐकत होता.

मग कारागीर आधीच्या गिऱ्हाइकांकडे दारोदार गेला. "मला तेव्हाच कळलं होतं," असे प्रत्येक जण म्हणाला. तंबोरा कोणीच परत केला नाही. ज्या गोष्टीला तो इतका भ्याला, ती एवढीच होती.

एक तंबोरा मात्र दूरदेशीचा व्यापारी समुद्रापलीकडे घेऊन गेला होता. तिथे सांगायला कोणी गेले नाही. ऐन दुपारी, घर निजलेले असताना, कोणी न विचारता तो अजून एकच शब्द बोलतो म्हणतात, आणि दर खेपेला जरा मोठ्याने.

कारागीर पुढे पुष्कळ वर्षे जगला. दार वाजवल्यावर आतून "कोण?" असे आले, की उत्तर देण्याआधी तो क्षणभर थांबे आणि आत दुसरे कोणी बोलत नाही ना, ते ऐकून घेई.

बोध एवढाच: दुसऱ्यांच्या हातांची मदत घेण्यात कमीपणा नाही, पण ते हात लपवणाऱ्याला एक दिवस स्वतःच्या घरातही आपली ओळख सांगता येत नाही.