निकामी ब्लेड

मिरजेजवळच्या एका कारखान्यात ग्रॅनाइट कापायचं नवंकोरं हिऱ्याचं ब्लेड तिसऱ्याच दिवशी अडून बसलं. मशीन किंचाळायचं, दगडावर मात्र नुसती रेघ उठायची. मशीन चालवणारा येसू पाथरवट वैतागून गेला.

ब्लेड कंपनीचे टेंगशे साहेब आले.

"पाणी कमी सोडलं असणार."

येसूने नळ पूर्ण सोडून दाखवला.

"मग ब्लेड उलटं बसवलंय."

येसूने ब्लेडवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण दाखवला; तो बरोबर होता.

"मग तुमचा हातच जड आहे!" असं म्हणत साहेबांनी छापील अहवालात 'ब्लेड निकामी' लिहिलं, 'ऑपरेटरचा दोष' या रकान्यात 'होय' लिहून सही ठोकली.

कारखान्याचे मालक म्हणाले, "येसू, उद्यापासून मशीन सोड. दगड उचलायला ये."

येसूने साहेबांना विचारलं, "निकामी म्हणजे आता मी त्याचं काहीही केलं तरी चालेल?"

"भिंतीवर टांगा हवं तर!"

येसूने कुंपणाजवळची खरखरीत वीट आणली आणि त्या ब्लेडने पाच-सहा वेळा चिरली. लाल चिखल साहेबांच्या बुटांवर उडाला. मग त्याने ग्रॅनाइट लावला. ब्लेड सरसर खाली उतरलं.

"हे कसं झालं?" साहेब पुटपुटले.

"कडक दगडानं ब्लेड गुळगुळीत झालं होतं. विटेनं वरचा धातू झिजवला, आतले हिरे उघडे पडले."

साहेब अहवाल फाडू लागले. येसूने कागदावर हात ठेवला.

"राहू द्या, साहेब. ब्लेड चालू झालं, एवढं फक्त खाली लिहा. कुणामुळं, ते 'ऑपरेटरचा दोष' याच रकान्यात असू द्या."

मालकांनी हसू दाबलं. "येसू, ती वीट मशीनपाशीच ठेव. आणि तूही तिथंच थांब."