अनसाक्काचा तुकडा

गावात वीज यायच्या आधी, डांबरी रस्ता यायच्या आधी, शाळेला छप्पर यायच्याही आधी कुंभोशीत अनसाक्का होऊन गेली. तिची गोष्ट गावातली म्हातारी माणसंही सांगतात, पण मशीन कुणी निवडलं हा भाग आला की त्यांना नेमका खोकला येतो. मी न खोकता सांगते.

कुंभोशी हे डोंगराच्या पायथ्याचं गाव. गावाच्या खालच्या अंगाला चर्मकारांची आळी. आळीत पायताणं व्हायची, पण नाव होतं ते मोटेचं. मोट म्हणजे चामड्याची भली मोठी पिशवी. ती दोराला बांधून विहिरीत सोडायची, बैलांनी ओढून वर आणायची, आणि वर आली की ती थारोळ्यात, म्हणजे दगडी कुंडात, रिकामी व्हायची. कुंभोशीची मोट भरून टांगली तर खाली झोपलेल्या मांजराची मिशीसुद्धा ओली व्हायची नाही, असं म्हणतात.

आणि अशी मोट शिवणाऱ्या आळीला तिचं पाणी स्वतःच्या हातानं घेता येत नव्हतं. आळीच्या बायका थारोळ्यापासून वीस पावलांवर घागरी मांडून उभ्या राहायच्या. वरच्या गावातल्या कुणाला सवड झाली की तो लांबूनच पाणी ओतायचा. सवड झाली नाही की बायका उन्हात. मोट शिवायला यांचे हात चालायचे, पाणी भरायला चालायचे नाहीत. का, असं विचारलं की मोठी माणसं म्हणायची, पूर्वीपासून असंच आहे. जणू ते कारणच झालं!

अनसा ही आळीच्या सटवाजी मेस्त्रीची सून. नवरा पलटणीत बुटं शिवायला गेलेला. ती घरात राबायची आणि सासरा काम करताना उंबऱ्याआडून बघायची. आरी कशी घुसते, चामडं कापणारी रापी कशी चालते, दोऱ्याला मेण किती लागतं, सगळं तिनं नुसतं बघून शिकून घेतलं होतं. विचारायची सोय नव्हती. सुनेनं मोठ्यांपुढं बोलायचं नाही, हेही पूर्वीपासूनच होतं.

एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. इतकं खाली गेलं की मोट खाली जाऊन वर येईपर्यंत बैल उभ्या उभ्या डुलकी काढायचे, असं म्हणतात. लहान मोटेनं गाव भागेना. चार बैलांनी ओढायची मोठी मोट हवी होती. पाटील स्वतः आळीत आले.

"सटवाजी, अक्षय तृतीयेला दहा दिवस हायती. तवर मोट पायजे. न्हाईतर शहरातनं लोखंडी मोट आणतो. मग तुझी आरी आन् तू."

सटवाजीनं मान खाली घातली. हातानं एवढी मोट शिवायला महिना लागायचा. तो काही बोलायच्या आत उंबऱ्याआडून बांगड्या वाजल्या.

"मोट हुईल, पाटील. पर ती गळली न्हाई, तर आमच्या बायका थारोळ्यातनं आपल्या हातानं पाणी घेतील. आन् पैली घागर आमची."

पाटील हसले. "सटवाजी, तुझ्या घरात सुना बोलत्यात व्हय?"

"पोरगी येडी हाय, पाटील..."

"येडी न्हाई, हुशार हाय. बरं, दिला शब्द. एक थेंब गळला तर लोखंडी मोट. न्हाई गळला तर पैली घागर तुमची." पाटलांनी हे हसत हसत म्हटलं, कारण दहा दिवसांत मोट होणार नाही हे त्यांनाही माहीत होतं.

ते गेल्यावर सटवाजी सुनेवर असा ओरडला की कौलावरची कबुतरं तीन दिवस परतली नाहीत. मग सटवाजी धरून आळीतली पाच वडीलधारी माणसं बसली आणि ठरलं की तालुक्याला जाऊन शिवणाचं मशीन आणायचं. कल्पना चांगली होती. पुढचं सगळं चुकलं.

निघताना अनसानं चामड्याचा एक तुकडा पुढं केला. "मामंजी, ह्यो संगं न्या. मशीनवर शिवून बगा, मगच घ्या."

"आता आमी मशीन बगायला जाताना कातडं घिऊन जायचं? लोक हसतील." तुकडा उंबऱ्यावरच राहिला.

या पाच जणांनी आयुष्यात एकच मोठी वस्तू पारखून घेतली होती, ती म्हणजे बैल. तेव्हा त्यांनी मशीनही बैलासारखंच पारखलं. भोवती फिरले. पाठीवर थाप मारली. चाक धरून ओढून बघितलं. कापड पुढं सरकवणारे दाते दुकानदारानं दाखवले, तेव्हा एकानं वाकून मोजले आणि म्हणाला, "दात बारीक हायती. वय कमी दिसतंय." शेवटी दुकानदारानं सटवाजीच्या फेट्याचं टोक मशीनखाली सरकवलं आणि चाक फिरवलं. मशीन सशासारखं पळालं. काळंभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. पाचही जण खूश झाले.

ते कापडाचं मशीन होतं.

घरी आणल्यावर त्याची पूजा झाली. हळद झाली, कुंकू झालं. जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं कुंकवाची चिमूट गेली, आणि ती भोकं तेल सोडायची होती. नारळ फोडला, त्याचं पाणी आत गेलं. मग कुणीतरी म्हणालं, मशीनला तेल लागतं. तर घरातलं शेंगदाण्याचं तेल वाटीभर ओतलं. मग मोटेचं जाड चामडं खाली सरकवलं आणि चाक फिरवलं. कट! सुई मोडली. दुसरी घातली. कट! पुडक्यात बारा सुया होत्या. दोन दिवसांत अकरा मोडल्या. कधी सुई मोडायची नाही तर टाके सुटायचे, कधी दोरा तुटून खाली गुंता व्हायचा, आणि तिसऱ्या दिवशी तेल चिकट होऊन चाकच फिरेना. मशीनला बाधा झाली असं पाचही जणांनी एकमतानं ठरवलं आणि चाकाला लिंबू-मिरची बांधली. मशीन लिंबासकट अडकलं.

अनसा हसली. मोठ्यानं हसली.

"दात काढाय काय झालं?" सटवाजी कडाडला.

"मामंजी, बैल घेताना तुमी त्याला गाडीला जुपून बगता का न्हाई?"

"बगतो की."

"मग मशीन घेताना चामड्याला जुपून का न्हाई बगितलं? ह्यो मोटेचा बैल न्हवं. टांग्याचं घोडं हाय."

सटवाजीनं मोडलेल्या अकरा सुया गोळा करून बाजूला सारल्या. मग त्यानं उरलेली एक सुई काढली आणि सुनेच्या हातावर ठेवली. "सात दिस राहिल्यात. कर जा, काय करायचं ती."

पहिल्यांदा अनसानं लिंबू-मिरची सोडून कोशिंबिरीत टाकली. मग मशीनच्या पाटाला कान लावला आणि हळूच चाक हलवलं. मशीन तिच्याशी बोललं, असं म्हणतात. काय बोललं? तर म्हणालं, "माझ्या तोंडातलं कुंकू काढ गं बाई." हे खरं की खोटं मला माहीत नाही, पण तिनं कुंकू काढलं हे खरं. घासलेटमध्ये चिंधी भिजवून एकेक भोक, एकेक दाता पुसला. शेंगदाण्याच्या तेलाचा चीक खरवडला. तालुक्याहून मशीनचं पातळ तेल मागवलं आणि भोकाला एकेकच थेंब दिला. संध्याकाळी चाक एका बोटानं फिरलं.

मग सुई. तिनं सुई आणि आरी शेजारी शेजारी धरल्या. कापडाच्या सुईचं टोक गोल असतं. ते धाग्यांना बाजूला सारून वाट काढतं. चामड्यात धागे नसतात. तिथं वाट कापावी लागते, म्हणून तर आरीला धार असते. अनसा ती एकुलती एक सुई घेऊन डोंगराच्या खडकावर गेली आणि टोकाला धार लावत बसली. दोन दिवस बसली. खडक झिजला पण सुई मोडली नाही, असं म्हणतात. त्या खडकावर आजही केसाएवढ्या बारीक रेघा आहेत.

आता सासऱ्याला हुरूप आला. "टाकं बारीक घाल," तो म्हणाला. "एकाला एक लागून. मेस्त्रीची ओळख बारीक टाक्यात."

अनसानं तोच उंबऱ्यावर राहिलेला तुकडा घेतला, दुमडला आणि सासऱ्यानं सांगितलं तसे बारीक टाके घातले. शिवण मोत्याच्या सरीसारखी दिसत होती. सटवाजीला ती इतकी आवडली की तो म्हणाला, आता मोटेलाच हात घाल. "थांबा," अनसा म्हणाली, आणि तुकडा दोन्ही हातांनी ओढला. शिवणीवरून तो पापडासारखा सरळ फाटला.

दोघंही फाटलेल्या कडेकडं बघत राहिली. आता सुई धारेची होती. प्रत्येक टाक्याला ती चामडं कापत होती, आणि टाके इतके जवळ की भोकाला भोक मिळून चीर झाली होती. मोट अशी शिवली असती तर पहिल्याच खेपेला, विहिरीच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर तळ सुटला असता.

"माझं चुकलं," सटवाजी म्हणाला. आळीच्या इतिहासात कुण्या मेस्त्रीनं हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले, असं म्हणतात.

उरलेल्या चार दिवसांत अनसानं पाचही वडीलधाऱ्यांना कामाला लावलं. तिघांनी रापी घेऊन चामड्याच्या कडा तासल्या, म्हणजे दोन कडा एकावर एक आल्या तरी सुईला झेपतील. एकानं दोरा मेणातून ओढला. मशीन पळवायचं नाही, हातानं फिरवायचं, असं तिनं सांगितलं, आणि चाक फिरवायला खुद्द सटवाजी बसला. ती "हं" म्हणायची तेव्हा तो चाक फिरवायचा, एक टाका पडायचा. जवाच्या दाण्याएवढं अंतर, मग पुढचा टाका. हं. टाका. हं. टाका. तो आवाज पलीकडच्या तीन गावांत ऐकू जायचा आणि तिथली गुरं चरायची थांबून कान टवकारायची, असं म्हणतात. घोडं हळू चालवलं तर तेही ओझं ओढतं. सुई मोडली नाही.

अक्षय तृतीयेच्या सकाळी सगळं गाव विहिरीवर जमलं. आळीच्या बायका वीस पावलांवर उभ्या. चार बैल जुंपले. मोट खाली गेली, बराच वेळ दिसेना, मग दोर ताणला, बैल उतरणीवर चालले आणि मोट वर आली. फुगलेली, चकाकणारी. पाटलांनी हात वर करून बैल थांबवले. मोट विहिरीच्या तोंडावर टांगून राहिली. लोक वाकून वाकून शिवण बघू लागले. मेणाचा दोरा पाण्यानं फुगला होता आणि त्यानं प्रत्येक भोक बुजवलं होतं. दहा वेळा शंभरपर्यंत मोजून झालं. थेंब नाही.

तेवढ्यात पाटलांचा माणूस ओरडला, "गळली! गळली! ह्यो बगा!" आणि त्यानं धावेवरच्या, म्हणजे बैलांच्या उतरणीवरच्या, दगडाकडं बोट दाखवलं. दगडावर खरंच एक ओला ठिपका होता.

त्या दगडाशेजारी सटवाजी उभा होता. त्यानं फेट्याच्या टोकानं तोंड पुसलं, त्याच टोकानं, ज्याच्यावर दुकानदारानं शिवण मारली होती.

"त्यो माजा हाय," तो म्हणाला. "घाम हाय."

मग अजून एक ठिपका पडला. सगळ्यांनी बघितलं की तो कपाळावरून आला नव्हता, डोळ्यातून आला होता. पाटील दगडाकडं बघत राहिले, मग मोटेकडं, मग बायकांकडं. शब्द हसत दिला होता, पण दिला होता. ते बाजूला झाले.

मोट थारोळ्यात रिकामी झाली. अनसा वीस पावलं चालत आली, घागर थारोळ्यात बुडवली आणि भरली. तिच्या मागून आळीच्या सगळ्या बायका आल्या. त्या पाण्याची चव गुळासारखी होती, असं म्हणतात. मला विचाराल तर पाण्याची चव पाण्यासारखीच असणार. पण स्वतःच्या हातानं घेतलेलं होतं ना!

पुढं अनसाची अनसाक्का झाली. तीस गावांची बिघडलेली मशीनं तिच्या दारात यायची आणि ती कान लावून त्यांचं दुखणं सांगायची. ती गेली कधी, हे कुणी सांगत नाही. एका दुपारी ती मशीनशी बसली होती, मग ती नव्हती आणि चाक फिरत होतं, एवढंच म्हणतात.

आता कुंभोशीत मोटा नाहीत, पंप आहेत. आळीत पिशव्या, पट्टे, चपला होतात आणि विजेची मशीनं चालतात. पण नवं मशीन घ्यायला आळीतलं कुणीही गेलं तरी पिशवीत चामड्याचा तुकडा असतो. तालुक्याचे दुकानदार लांबून ओळखतात, कुंभोशीची माणसं आली. पूजेचं कुंकू फक्त चाकाला लागतं. आणि कुठलंही नवं काम सुरू करताना पहिली शिवण मालावर नाही, तुकड्यावर पडते. ती दोन्ही हातांनी ओढून बघायची. टिकली तर कामाला लागायचं. त्याला अक्काचा तुकडा म्हणतात. एखादा म्हातारा म्हणतो, चाळीस वर्षं शिवतोय, मला कशाला तुकडा? मग घरातली सून पुडकं उघडते आणि त्याच्या हातावर एकच सुई ठेवते. तो गपचूप तुकडा शोधायला उठतो.

आणि दर अक्षय तृतीयेला, पंपानं थारोळं भरलं की आळीच्या बायका तिथं जातात आणि पहिली घागर भरतात. बाकीचं गाव रांगेत मागं उभं असतं. कुणाला सवड आहे का, हे त्या कुणाला विचारत नाहीत.