मधला कन्व्हर्टर

लग्न ठरवण्याआधी घर बघायला म्हणून शलाका आईबाबांबरोबर सांगलीला गेली, तेव्हा होणारे सासरे दिगंबरराव नव्या स्मार्ट टीव्हीशी झटापट करत होते. त्याला त्यांचा तीस वर्षांचा लाडका अ‍ॅम्प्लिफायर जोडायचा होता. पण लाल-पांढऱ्या पिना खुपसायला टीव्हीला भोकंच नव्हती. चित्र नाचत होतं, आवाज मुका.

"माजलाय नुसता!" दिगंबरराव टीव्हीवर कडाडले आणि तसेच शलाकाकडे वळले. "तुलाही सांगून ठेवतो. नवीन आलेल्यानं जुन्याशी जुळवून घ्यायचं. लग्नानंतर नोकरी बंद."

आईबाबा कपात बघू लागले. नवरामुलगा मिहीर स्वतःच्या अंगठ्याकडे.

"काका, दोघांपैकी कुणीच बदलायला नको," शलाका म्हणाली. "मध्ये कन्व्हर्टर बसवतात. याचं म्हणणं तो त्याला समजावतो."

"मग सांग की कुठे मिळतो!"

"टीव्हीचा बाजारात मिळेल. आपल्या दोघांमधला हा इथं बसलाय. फक्त कन्व्हर्टरला स्वतःचा करंट लागतो. तो नसेल, तर नवीन टीव्ही खोक्यात घालून आल्या वाटेनं परत न्यायचा."

मिहीरनं घसा खाकरला. "बाबा, शलाका नोकरी सोडणार नाही."

"आला आवाज!" म्हणत शलाकानं पोह्यांची बशी उचलली.