तीन गाठींची हरकत

विषय : राज्यातील उभ्या मक्याचे सोने झाल्याबाबत.
संदर्भ : निर्मनुष्य किनाऱ्यावर मोठ्याने वाचलेला जाहीरनामा.

उपरोक्त विषयी हकीकत अशी, की एका राज्यात लिपी नव्हती आणि त्यावाचून कोणाचे अडत नव्हते. राज्य समुद्रापासून पायरीपायरीने ढगांपर्यंत चढत गेलेले. जे लक्षात ठेवायचे ते लोक दोऱ्याच्या गाठींत बांधून ठेवत : कोणता राजा केव्हा झाला, पूर कधी आला, कोणी कोणाला काय वचन दिले. या गाठी राखण्याचे काम इल्यारी नावाच्या बाईकडे होते. ती डोळे मिटून दोऱ्यावर बोटे फिरवी आणि शंभर वर्षांपूर्वीचे भांडण जसेच्या तसे सांगे, शिव्यांसकट.

एके दिवशी समुद्रातून एक जहाज आले. लोखंडी अंगरखे घातलेले दाढीवाले त्यातून उतरले. त्यांच्यात फाद्रिके नावाचा जादूगार होता. त्याची सारी जादू कागदात होती. रिकाम्या किनाऱ्यावर त्याने कागद उलगडला, घसा साफ केला आणि वाचले :

"ऐका हो ऐका. ही भूमी आजपासून आमच्या राजाची. कोणाची हरकत असल्यास वाचन संपण्याच्या आत कळवावी. न कळवल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून येथील मक्याचे सोने करण्यात येईल."

समोर चार खेकडे होते. ते बिळात गेले. ही संमती धरण्यात आली.

त्याच क्षणी राज्यातला सारा मका सोन्याचा झाला. शेतात वारा आला की भांडी पडल्यासारखा आवाज होई. कोठारातले दाणे बायकांनी तीन दिवस शिजवले; चौथ्या दिवशी राजवैद्याचा दात पडला.

तेव्हा पुका नावाचा तांबडा पोपट दरबारात येऊन बसला. तो घडलेले सारे सांगू लागला.

राजा वाय्रा म्हणाला, "तू तिथे होतास?"

"होतो, महाराज. झाडावर. त्यांची भाषासुद्धा तेवढ्यात शिकलो."

"मग हरकत का घेतली नाहीस?"

"चोचीत फळ होतं, महाराज. तोंडात घास असताना बोलू नये, अशी आईची शिकवण."

राजाने कपाळाला हात लावला. कृत्तिका उगवायला बारा दिवस उरले होते. त्याआधी पेरणी झाली नाही, तर राज्याला पुढचे वर्ष नव्हते.

इल्यारी पुढे झाली. "महाराज, एक दाणा शिल्लक आहे. माझ्या आईने दोऱ्याच्या गाठीत बांधला होता. तो तसाच आहे."

"तो कसा वाचला?"

"कागदाला गाठ वाचता येत नसावी."

मग दाणा कनवटीला आणि पोपट खांद्यावर, अशी ती किनाऱ्यावर गेली. फाद्रिके सोन्याच्या राशीवर बसून जहाजातले शेवटचे बिस्किट चघळत होता. तिचे म्हणणे पुकाने त्याला सांगितले.

"मुदत संपली," फाद्रिके म्हणाला. "तरी मी दयाळू आहे. भूमी तुमची, याला डोंगराची सही आणा. सरोवराची साक्ष आणा. आणि हरकत लेखी आणा."

या लोकांना लिहिता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो दयाळू होता.

इल्यारी डोंगराकडे गेली. मक्याच्या दारूचा एकच भोपळा उरला होता. पहिला घोट डोंगराचा, ही तिथली रीत. तिने तो जमिनीवर ओतला.

"आणि दुसरा?" पुकाने आशेने विचारले.

"दुसराही माझाच," डोंगर म्हणाला आणि त्याने भोपळा रिकामा केला. मग तिच्या दोऱ्याला त्याने एक गाठ मारली. तीत बर्फाचा कण होता. तो वितळत नव्हता.

सरोवर रुसले होते. "माझी कोणाला आठवण आहे?" ते म्हणाले. इल्यारीने जुना दोरा काढला आणि त्या काठी पाणी प्यालेल्या चाळीस राजांची नावे म्हटली. एकतिसावे नाव सरोवर स्वतःच विसरले होते. ते प्रसन्न झाले आणि दुसरी गाठ बसली. तीत पाण्याचा थेंब होता. तो सांडत नव्हता.

तिसरी गाठ तिची तिने मारली आणि तीत तो शेवटचा दाणा ठेवला. पुका दहा दिवसांचा उपाशी. तो दाण्याकडे पाहत राहिला.

"इकडे नको पाहू," ती म्हणाली आणि तिने त्याला एक लहानसे रानफळ दिले. "पंजात धर. मी सांगेन तेव्हा खा."

अकराव्या दिवशी दोघे किनाऱ्यावर आली. दोरा पाहून फाद्रिके पोट धरून हसला. "हे लिखाण?"

"आमचं असंच असतं," पुकाने तिचे उत्तर कळवले.

"मग वाच!"

इल्यारी पोपटाला म्हणाली, "आता खा." मग तिने डोळे मिटले, बोटे फिरवली आणि आपल्या भाषेत वाचू लागली :

"ऐका हो ऐका. डोंगराच्या सहीने आणि सरोवराच्या साक्षीने, या कागदाचे या भूमीवरचे सारे म्हणणे आजपासून रद्द. हरकत असल्यास वाचन संपण्याच्या आत कळवावी."

"काय म्हणते ही?" फाद्रिकेने विचारले.

पुकाने फळाने भरलेली चोच पंजाने दाखवली.

वाचन संपले.

कागदावरची अक्षरे मुंग्यांसारखी रांगेने उतरली आणि समुद्राकडे चालती झाली. राशीचा आणि शेताशेतांतल्या सोन्याचा पुन्हा मका झाला. दाढीवाल्यांनी आनंदाने आरोळी ठोकली, लोखंडी अंगरखे उतरवले आणि त्यांतच कणसे भाजली. दुसऱ्या दिवशी राज्यात पेरणी झाली. पहिला दाणा इल्यारीने तिसरी गाठ सोडून मातीत घातला. रात्री कृत्तिका उगवल्या.

फाद्रिके दरबारात ओरडत आला. "मला एक अक्षर कळलं नाही!"

पुकाने, आता चोच रिकामी असल्याने, ते दरबाराला सांगितले.

"खेकड्यांनाही कळलं नव्हतं," इल्यारी म्हणाली.

राजा वाय्रा मात्र न्यायी होता. "आपली हरकत अवश्य ऐकू. लेखी द्या. आमच्या लिपीत." आणि त्याने त्याला दोऱ्याचे एक वेटोळे दिले.

फाद्रिके कोठाराच्या सावलीत बसून गाठी शिकू लागला. त्याचा पहिला अर्ज इल्यारीने बोटांनी वाचला, तो असा : माझ्या दाढीला जुळी कोकरे झाली. दुसऱ्यावर डोंगराची सही नसल्याने तो परत गेला. तिसरा त्याने सुगीनंतर, भाजलेले कणीस खात खात दाखल केला. सहीसाठी तो डोंगराकडे पाठवला आहे. डोंगर झोपला आहे.

अर्ज प्रलंबित आहे.