सिद्रामाचा शंख आणि महाराजांचा गाल

बोधगिरी महाराजांचा मुक्काम तेव्हा नांदणवाडीच्या मठात होता. मठ कसला, पत्र्याची लांबट खोली आणि पुढे कडुनिंबाचा पार. आरतीआधी सिद्राम गुरव शंख फुंकी, तो नदीपलीकडच्या मळ्यांत ऐकू जाई. सिद्रामाला स्तोत्रे पाठ नव्हती, मंत्र येत नव्हते. महाराजांची सेवा म्हणजे त्याच्या लेखी तो एक शंख.

त्या वर्षी त्याच्या डाव्या कानापुढे गाठ आली. आधी वाटाण्याएवढी, मग सुपारीएवढी. दुखत नव्हती, म्हणून त्याने मनावर घेतले नाही. गावाने मात्र निदान करून टाकले, की शंख फुंकून फुंकून गालात वारे शिरले. बायकोने, गिरिजेने, कोंड्याचा शेक दिला. कुंभारवाड्यातल्या म्हातारीने चाकावरच्या ओल्या मातीचा लेप लावला. गाठ वाढतच राहिली.

मठातली पूजा अच्युतशास्त्री करीत. विद्वान, आणि सोवळ्याचे फार कडक. सिद्रामाची थुंकी लागलेला शंख ते पाणी शिंपडल्याशिवाय देव्हाऱ्यापाशी येऊ देत नसत. गाठ पाहून ते पारावर सर्वांदेखत म्हणाले, "सिद्रामा, देवासमोर एवढी थुंकी उडवलीस, तीच गालात साठली बघ. आता शंख ठेव खाली."

माणसे हसली. सिद्रामही हसला आणि शंख ठेवून महाराजांकडे अंगारा मागायला गेला.

महाराजांनी अंगठ्याने गाठ चाचपली. "दुखते का रे?"

"अजिबात नाही, महाराज."

"तेच मला आवडलं नाही. दुखली असती तर अंगारा दिला असता. उद्या जिल्ह्याला जा, मोठ्या इस्पितळात."

सिद्राम गोंधळला. विंचू चावलेल्याला अंगारा, तापाने फणफणलेल्याला अंगारा आणि आपल्याला इस्पितळ? शास्त्रीबुवा म्हणतात ते खरे की काय? गालात खरेच काही पाप साठले असेल, तर महाराज तोंडावर कसे सांगतील?

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी गाठीत सुई घालून तपासणी केली आणि अहवाल आल्यावर दोघा नवरा-बायकोला समोर बसवले. कानापुढे लाळ तयार करणारी ग्रंथी असते, जबड्याखाली आणि जिभेखालीही असतात, असे त्यांनी स्वतःच्या गालावर बोट ठेवून दाखवले. तिथल्या पुष्कळ गाठी साध्या निघतात. ही साधी नव्हती, कॅन्सरची होती. सिद्राम म्हणाला, मी तंबाखूला कधी शिवलो नाही. बाई म्हणाल्या, हा आजार का होतो ते बहुतेक वेळा कुणालाच सांगता येत नाही. शंख फुंकल्याने होत नाही आणि कुणाच्या शापानेही होत नाही.

"पण चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीतून जाते," बाई म्हणाल्या. "गाठ तिला खेटून आहे. नस वाचवायचा प्रयत्न करू. नाही वाचली तर डोळा मिटणार नाही, ओठ एका बाजूला ओघळेल."

"मग शंख?"

बाईंना कळेना. सिद्रामाने मूठ तोंडाशी धरून गाल फुगवून दाखवले.

"मग तो फुंकता यायचा नाही, बाबा."

शस्त्रक्रियेला नेताना त्याला महाराजांचे नाव घ्यायचे होते, पण जिभेवर शास्त्रीबुवांचेच बोल येत राहिले. नाव घ्यायचे राहिले ते राहिलेच. शुद्धीवर आल्यावर तो गालाला हात लावायलाही धजेना. बाई आल्या आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. आता गाल फुगवा." दोन्ही गाल फुगले. गाठ निघाली होती. नस वाचली तरी काही दिवस चेहरा ढिला पडतो, तसेही झाले नव्हते. बाईंनाही नवल वाटले. पुढे किरणांचे उपचार घ्यायचे होते. टाके निघाल्यावर तो गिरिजेबरोबर गावी आला आणि थेट मठात गेला.

महाराज पारावर बसले होते. त्यांचा डावा डोळा मिटत नव्हता, त्यातून पाणी वाहत होते. ओठ ओघळला होता. अच्युतशास्त्री पळीने तीर्थ पाजत होते, ते लाळेबरोबर हनुवटीवर ओघळत होते आणि शास्त्रीबुवा आपल्या सोवळ्याच्या उपरण्याने ते पुसत होते.

सिद्राम जागीच उभा राहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला चेहरा तो हाच.

"तुझी शस्त्रक्रिया होती त्याच सकाळी," शास्त्रीबुवा वर न बघता म्हणाले, "तीर्थ घेता घेता ओठ पडला. तेव्हापासून लाळ मीच पुसतो. दुसऱ्या कुणाला पुसू देत नाहीत."

"महाराज, हे तर माझं... मी तर तुमचं नावसुद्धा घेतलं नव्हतं."

महाराजांचे शब्द ओठातून निसटत होते. "गाठ बाईंनी काढली. मी नुसता तुझी जागा धरून बसलो होतो. आता तुझं तू सांभाळ. किरणांच्या तारखा चुकवू नकोस. शंख घे."

शास्त्रीबुवा आत गेले आणि त्यांनी शंख आणून त्याच्या हातात दिला. पहिल्यांदा नुसता वारा निघाला. मग नाद उठला, नदीपलीकडे गेला. तो विरला तेव्हा महाराजांचा डोळा मिटलेला होता आणि ओठ जागेवर आला होता.

हे काय झाले, ते सिद्रामाला त्या दिवशी कळले नाही आणि पुढेही कधी नीट सांगता आले नाही. एवढे मात्र सगळ्यांनी पाहिले. शास्त्रीबुवा पारावरून उतरले आणि त्यांनी सिद्रामाच्या पायांवर डोके ठेवले. तो गोंधळून मागे सरला, तर ते तिथल्या मातीवर वाकलेलेच राहिले. मग उठून त्यांनी शंख त्याच्या हातून घेतला. शंखाच्या तोंडाशी थुंकी अजून ओली होती. शास्त्रीबुवांनी शंख डोळ्यांना लावला आणि पाणी न शिंपडता तसाच देव्हाऱ्यात नेऊन ठेवला.