धुळीची अट

फार वर्षांपूर्वी, एका सकाळी घार घिरट्या घालू लागली आणि रिबका कोंबडीने पंख पसरले. तिची पिल्लं आत शिरली. तिनेच उबवलेली बदकाची पिल्लं तळ्यातून धावत आली, तर कोंबडीच्या थोरल्या पिल्लाने वाट अडवली.

"तुम्ही परराष्ट्रीय. आमच्या रीतीने आधी धुळीत लोळा, मग आत."

बिचारी लोळली. ओल्या अंगावर नुसता चिखल झाला.

"शी, आता तर मुळीच नको."

घार खाली झेपावली. रिबका खेकसली, "शहाण्या, अंड्यातून निघालास तेव्हा तूही ओलाच होतास. मी लोळायला लावलं का? सरक थोडा. तुझी जागा कुठे जात नाही."

सगळी दाटीवाटीने मावली. चिखल थोरल्याच्याच चोचीला लागला.

घार गेल्यावर रिबका म्हणाली, "तळ्यावर अजून कुणी राहिलं असेल तर सांगा त्याला, आहेस तसा ये."